हजेरीपटापलीकडचे सूक्ष्मजीव

सूक्ष्मजीवांचा धडा आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे एकाच साच्यात शिकवला जातो. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढायची. डावीकडे लिहायचे ‘उपयुक्त’ आणि उजवीकडे ‘उपद्रवी’. डाव्या रकान्यात दह्यातला लॅक्टोबॅसिलस, तुरीच्या मुळांवरच्या गाठींतला रायझोबियम आणि पाव फुगवणारे यीस्ट. उजव्या रकान्यात क्षयाचा, पटकीचा आणि विषमज्वराचा जंतू. ‘जोड्या लावा’ या प्रश्नासाठी ही मांडणी फार सोयीची आहे. नावे पाठ झाली, गुण मिळाले आणि धडा संपला.

या मांडणीत खोटे असे एकही विधान नाही. तरीही विद्यार्थी शाळेबाहेर पडला की ती त्याच्या उपयोगी पडत नाही. हिवाळ्यात गोबरगॅसची शेगडी मंद का होते? संडासात ॲसिड ओतल्यावर टाकी का तुंबते? 2020 साली लोणारचे पाणी गुलाबी का झाले? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दोन रकान्यांत सापडत नाही. कारण हे प्रश्न एकट्यादुकट्या जंतूचे नाहीत. हजारो प्रकारचे सूक्ष्मजीव एकत्र राहतात, एकमेकांचे उष्टे खातात आणि बाहेरून ताण आला की सगळा समूहच डळमळतो किंवा सावरतो. हे प्रश्न त्या समूहाचे आहेत.

या लेखात टीका करायची आहे ती वर्गातल्या या मांडणीवर आणि तिच्याच वळणाने जाणाऱ्या काही बातम्यांवर व संशोधनावरही. मुद्दा एकच आहे. सूक्ष्मजीवांचा समूह त्याच्या सभासदांच्या नावांवरून पुरता ओळखता येत नाही. ताण आल्यावर तो काय करतो, यावरून तो ओळखता येतो. पर्यावरण अभियांत्रिकीतल्या काही संशोधकांनी हा प्रश्न नीट विचारला आहे. त्यांचे काम शिक्षकांपर्यंत पोचायला हवे, आणि त्या कामाच्या मर्यादाही पोचायला हव्यात.

शेणकाल्याची टाकी

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यात शिकवणाऱ्याला उदाहरणासाठी दूर जायला नको. गोठा असलेल्या गावात चालू किंवा बंद पडलेली गोबरगॅसची एखादी टाकी बहुधा सापडते. तिच्यात काय चालते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

शेणात जनावराने खाल्लेल्या कडब्याचा आणि कुटाराचा न पचलेला अंश असतो. सूक्ष्मजीवांचा पहिला गट हे मोठे रेणू फोडून साखरेसारखे लहान रेणू करतो. दुसरा गट त्यांपासून निरनिराळी आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो. तिसरा गट त्यांतल्या मोठ्या आम्लांचे ॲसेटिक आम्ल करतो. चौथा गट मिथेन तयार करतो. हा चौथा गट जिवाणूंचा नव्हेच. तो आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातला आहे. हवेतला ऑक्सिजन त्याला सोसत नाही. तो ॲसेटिक आम्ल फोडतो किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडतो, आणि त्यातून शेगडीवर जळणारा वायू मिळतो.

यातली खरी गंमत तिसऱ्या आणि चौथ्या गटाच्या नात्यात आहे. तिसऱ्या गटाच्या कामातून हायड्रोजन सुटतो, आणि तो साचला की त्याचे स्वतःचेच काम अडते. चौथ्या गटाने तो सतत उचलून नेला तरच तिसरा गट जगतो. म्हणजे एकाचा कचरा उचलणे हीच दुसऱ्याची न्याहारी असते आणि त्या न्याहारीवर पहिल्याचा जीव असतो.

आता या टाकीवर ताण आणू. लग्नातले उरलेले गोड अन्न कोणी एकदम टाकीत लोटले. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, तर मिथेन करणाऱ्यांना त्यासाठी दिवस लागतात. आम्ल तयार होण्याचा वेग ते संपण्याच्या वेगापेक्षा फार वाढतो. सातच्या आसपास असलेला सामू घसरू लागतो. सामू घसरला की मिथेन करणारे आणखी मंदावतात आणि आम्ल आणखी साचते. टाकी आंबते. शेगडीवर पिवळट ज्योत लपलपते आणि मग विझते.

हे घडले तेव्हा टाकीत बाहेरून कोणी उपद्रवी जंतू आला नव्हता. हजेरीपटावर नावे तीच होती. काल ज्या आम्लकारी जिवाणूंनी टाकी चालवली, त्यांनीच आज ती बंद पाडली. त्यांना फळ्यावरच्या कोणत्या रकान्यात बसवायचे? ते सवयीने वागले, फक्त परिस्थिती बदलली होती. हिवाळ्यातही हेच दिसते. टाकीला साधारण 35 अंश सेल्सियसची ऊब मानवते. पौषातल्या रात्री पारा उतरला की कामाचा वेग पडतो आणि सगळ्यांत आधी फटका बसतो तो मिथेन करणाऱ्यांना.

एक जुना, चांगला प्रयोग

अशा ताणाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात झाला. ॲना फर्नांडिस, जेम्स टीजी, क्रेग क्रिडल आणि पुढे त्याच विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक झालेले सय्यद हशम हे त्या गटात होते. त्यांचे दोन जोडनिबंध 2000 साली प्रसिद्ध झाले. आज पाव शतकानंतरही ते वाचण्याजोगे आहेत.

त्यांनी ऑक्सिजन नसलेल्या पात्रांचे दोन संच तयार केले. दोन्ही संचांना ग्लुकोजचा सारखाच खुराक मिळे आणि दोन्ही संच मिथेन करत. मात्र दोन्हींत नांदणारे सूक्ष्मजीव बरेच वेगळे होते. रोजचा खुराक लिटरमागे सरासरी 0.34 ग्रॅम होता. मग एके दिवशी संशोधकांनी एकदम इतके ग्लुकोज ओतले की पात्रात त्याचे प्रमाण लिटरला 6.8 ग्रॅम झाले. वीस दिवसांचे जेवण एका घासात, असेच म्हणा. त्यानंतर कोणती आम्ले किती साचतात, किती दिवसांनी ओसरतात आणि मधल्या काळात कोणते जिवाणू वाढतात किंवा घटतात, याची त्यांनी नोंद ठेवली.

निष्कर्ष आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. एका संचात धक्क्यानंतर सभासदांची मोठी उलथापालथ झाली. आधी बहुसंख्य असलेले स्पायरोकीट गटातले जिवाणू मागे पडले, त्यांच्या जागी युबॅक्टेरियम गटातले पुढे आले आणि ताण ओसरल्यावर पुन्हा जुने सभासद परतले. दुसऱ्या संचात तसा गोंधळ झाला नाही. तिथले बहुसंख्य स्ट्रेप्टोकॉकस धक्क्यानंतरही आपली जागा धरून राहिले. हजेरीपट पाहणारा म्हणेल की दुसरा संच अधिक स्थिर. पण कामाच्या दृष्टीने पहिला संचच जास्त चांगला सावरला. सभासद बदलले म्हणून काम टिकले. जिथे सभासद अढळ राहिले तिथे काम अधिक डगमगले.

हशम आणि सहकाऱ्यांनी याची सांगड एका साध्या कल्पनेशी घातली. पहिल्या समूहात ग्लुकोज एकाच वेळी अनेक वाटांनी वापरले जात होते. दुसऱ्यात ते मुख्यतः एका वाटेने, एकामागून एक टप्पे ओलांडत जात होते. एका वाटेवर कोंडी झाली की सगळेच थांबते. शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एकशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला बोलावले की शाळेला कुलूप लागते. चार शिक्षकांच्या शाळेत त्या दिवशी वर्ग बदलतात, तास बदलतात, गणिताच्या बाई भूगोल घेतात. पण शाळा चालू राहते.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. संशोधकांनी स्वतः शीर्षकात ‘संबंध आढळतो’ एवढेच म्हटले आहे, ‘यामुळेच घडते’ असे म्हटलेले नाही. हा संयम उल्लेखनीय आहे. दुसरे असे, की ग्लुकोज हे फार सोपे अन्न आहे. शेणकाल्यात किंवा कारखान्याच्या सांडपाण्यात एकच पदार्थ कधी नसतो. तिसरी गोष्ट म्हणजे प्रयोगात धक्का एकदा आणि एकाच जातीचा होता. प्रत्यक्षात थंडी, अन्नाचा अतिरेक आणि आजारी जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश हे सगळे एकाच आठवड्यात येऊ शकते. एक ताण सोसणारा समूह तीन ताण सोसेलच असे नाही. तरीही प्रश्न विचारण्याची पद्धत म्हणून हा प्रयोग आजही नमुनेदार वाटतो.

नागपूरचे काम

कारंजाहून राष्ट्रीय महामार्गाने नागपूर गाठले की तिथे याच विषयाचे आपल्या मातीतले काम दिसते. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातली नीरी, 1958 साली वेगळ्या नावाने सुरू झाली आणि 1974 साली तिला आजचे नाव मिळाले. तिथे हेमंत पुरोहित, आत्या कापले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या गाळातल्या जिवाणूंचा अभ्यास केला.

हा गाळ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकली, तळाशी बसलेला गाळ टाकून न देता पुन्हा नव्या पाण्यात मिसळला आणि तेच पुन:पुन्हा केले. गाळात जिवाणूंची दाट वस्ती झाली आणि पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर स्वच्छ होऊ लागले. औद्योगिक वसाहतींतली सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. शहराच्या मैलापाण्यापेक्षा त्यांच्यावरचा ताण वेगळा असतो. आज रंगाचे पाणी, उद्या औषधी कारखान्याचे, परवा नुसते खारट, अशी तिथल्या जिवाणूंची तऱ्हा.

नीरीच्या या गटाचे 2007 सालचे दोन निबंध शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. एकात अशा सामाईक केंद्राच्या गाळात कोणकोणते जिवाणू आहेत, त्याचा डीएनएच्या आधारे घेतलेला आढावा आहे. दुसऱ्यात नायट्रोॲरोमॅटिक रसायनांचे अवशेष असलेले सांडपाणी गाळाला पुरवत गेल्यावर त्यातल्या जिवाणूंच्या वैविध्यात काय बदल होतात, ते पाहिले आहे. पहिला निबंध हजेरी घेतो, दुसरा परीक्षा घेतो. हजेरीशिवाय परीक्षा होत नाही हे खरे. म्हणून पहिल्याचे महत्त्व मी नाकारत नाही. पण केंद्र चालवणाऱ्या अभियंत्याच्या हाती काही देतो तो दुसरा. कोणत्या ताणाने कोण गळते हे कळले, तर बिघाड होण्याआधी सूचना मिळू शकते.

असे आधी गळणारे सभासद असतातच. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू हे त्यांचे ठळक उदाहरण. सेंद्रिय कचरा खाणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. यांना दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. विषारी पाण्याची एक लाट आली की कचरा खाणारे चार दिवसांत सावरतात, पण अमोनिया काढण्याचे काम पूर्ववत व्हायला आठवडे जातात. तोवर केंद्रातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, आणि त्यातला अमोनिया नदीतल्या माशांना मारत असतो.

लाड की घाडगे?

डीएनए वाचण्याची यंत्रे स्वस्त झाल्यापासून नावांच्या याद्यांना सुमार राहिलेला नाही. एका चमचाभर गाळातून हजारो नावे निघतात. रंगीत आलेख होतात, निबंध होतात. या याद्यांकडे वाचकाने सावधपणे पाहावे, याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण कारंजाच्या माणसाला चटकन पटेल. ‘कारंजाला जायचे आहे’ असे कोणी म्हटले की आपण विचारतो, लाड की घाडगे? नाव एकच, पण एक गाव वाशिम जिल्ह्यात आणि दुसरे वर्धा जिल्ह्यात. जिवाणूंचेही असेच आहे. एकाच जातीच्या नावाखाली वेगवेगळ्या कुवतीचे वाण असतात. एश्चेरिशिया कोलायचे काही वाण आपल्या आतड्यात निमूट राहतात, तर काही वाणांनी मूत्रपिंडे निकामी होतात. जातीच्या नावावरून काम ठरवणे धोक्याचे आहे.

दुसरे असे, की डीएनए मेलेल्या आणि झोपी गेलेल्या पेशींचाही मिळतो. हजेरीपटावर नाव आहे म्हणून तो विद्यार्थी वर्गात बसून गणित सोडवतो आहे, असे होत नाही.

तिसरे म्हणजे नावे ठाऊक झाली म्हणून कामाची वाटणी कळली असे नव्हे. अमोनियाचे नायट्राइट एक जिवाणू करतो आणि नायट्राइटचे नायट्रेट दुसरा, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विनोग्राडस्कीच्या कामापासून सव्वाशे वर्षे शिकवले गेले. 2015 साली युरोपातल्या दोन गटांनी दाखवले, की नायट्रोस्पायरा या जुन्या, परिचित प्रजातीतले काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात. नाव सगळ्यांना माहीत होते, काम माहीत नव्हते.

लोणारचा रंग

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर बातमी झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. पाण्याचे नमुने नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. उत्तर आले: हॅलोआर्किया, म्हणजे अतिखारट पाण्यात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव. पाणी हलवता न ठेवता राहू दिले की ते तळाशी बसतात आणि वरचे पाणी नितळ दिसते, हेही आघारकर संस्थेत दिसून आले.

बहुतेक बातम्या इथेच थांबल्या. ‘रहस्य उलगडले’ असे मथळे आले. माझ्या मते उलगडले होते ते फक्त नाव. रंग यायला ते सूक्ष्मजीव प्रचंड संख्येने वाढावे लागतात, आणि ते वाढले कारण पाणी आटून क्षारता चढली होती. क्षारता वाढणे हा इतर अनेक सूक्ष्मजीवांवरचा ताण आणि यांची मात्र सुगी. त्यांचे गुलाबी रंगद्रव्यही शोभेचे नव्हे. भर उन्हात पेशीचे रक्षण करणारे ते कवच आहे. म्हणजे तो रंग ही सरोवराने दिलेली ताणाची नोंद होती. ‘कोण?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले तेव्हा ‘का?’ आणि ‘पुढे काय?’ हे प्रश्न सुरू व्हायला हवे होते. अनेक बातम्यांनी हॅलोआर्कियांना ‘जिवाणू’ म्हटले ते वेगळेच.

वास्तविक लोणारवर आपल्याकडे चांगले काम झालेले होते. पुण्यात योगेश शौचे, दिलीप रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली तिथल्या सूक्ष्मजीवांच्या वैविध्याचा डीएनएच्या आधारे अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी लोणारमधून मिथेन करणारे सूक्ष्मजीव वेगळे काढल्याचे काम आले. सामू दहाच्या आसपास असलेल्या त्या पाण्याच्या परिसरातही मिथेन तयार होते, ही गोष्ट गोबरगॅस शिकवणाऱ्या शिक्षकाने वर्गात अवश्य सांगावी. अशा सरोवराचा पाणसाठा, क्षारता आणि सूक्ष्मजीव यांची महिन्यागणिक सलग नोंद ठेवणे हे एकदाच्या लांबलचक यादीपेक्षा मोलाचे आहे. डॉक्टर रोग्याचे नाव विचारून थांबत नाही. तापाचा तक्ता पाहतो.

टिकणे म्हणजे चांगले का?

इथे अभियांत्रिकी दृष्टीवरही एक आक्षेप घ्यावासा वाटतो. अभियंता समूहाची ‘स्थिरता’ मोजतो, आणि स्थिर म्हणजे चांगला असा अर्थ नकळत त्या शब्दाला चिकटतो. पण काळ्या, दुर्गंधी येणाऱ्या नाल्यातला समूहही अत्यंत स्थिर असतो. त्यात चार घागरी स्वच्छ पाणी ओतले तर तो दोन दिवसांत पूर्वपदावर येतो. तेही ‘सावरणे’च आहे!

याचे अस्वस्थ करणारे उदाहरण हैदराबादजवळच्या पटनचेरूचे आहे. औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तिथल्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे स्वीडनच्या संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केले. इतक्या औषधात जिवाणू मरून जातील असे वाटते. ते मेले नाहीत. 2011 साली त्या भागातल्या नदीच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके आणि ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे नेणारे घटक मोठ्या प्रमाणावर आढळले. समूहाने ताण सोसला, तो सावरला, टिकला. आणि त्याच्या टिकण्यात माणसाची हानी आहे. म्हणून ‘समूह टिकला का?’ या प्रश्नाला ‘कोणते काम टिकले आणि ते कोणाच्या हिताचे?’ ही जोड द्यायलाच हवी.

पुडीतले जिवाणू

अपुऱ्या समजुतीची किंमत गावाला कशी मोजावी लागते ते पाहू. नाल्यात किंवा संडासाच्या टाकीत ओतण्यासाठी जिवाणूंच्या पुड्या आणि बाटल्या विकल्या जातात. ‘उपयुक्त जिवाणू’ टाकले की घाण खाऊन टाकतील, हा त्यामागचा समज थेट आपल्या डाव्या रकान्यातून आलेला आहे. पण नाल्यात जिवाणूंची वाण कधीच नसते. मैलापाण्याच्या एका थेंबात ते लाखांनी असतात. उणीव असते ती ऑक्सिजनची, वेळेची आणि येणाऱ्या घाणीला लगाम घालण्याची. ती परिस्थिती तशीच ठेवून बाहेरचे चार जिवाणू सोडणे म्हणजे भरल्या एसटीत आणखी चार प्रवासी कोंबून गाडी लवकर पोचेल अशी आशा करणे.

याला एक न्याय्य अपवाद आहे. नवी गोबरगॅस टाकी सुरू करताना जुन्या चालू टाकीतला शेणकाला विरजणासारखा घालतात. त्याचा उपयोग होतो, कारण तिथे एकमेकांच्या सवयीचा अख्खा समूह तशाच परिस्थितीत जातो.

दुसरीकडे आपण घडलेला समूह स्वतःच मोडतो. शाळेच्या संडासाचे भांडे पांढरे दिसावे म्हणून दर शनिवारी त्यात ॲसिड आणि फिनाइल ओतले जाते. ते खालच्या टाकीत किंवा शोषखड्ड्यात उतरते. तिथला समूह दर आठवड्याला मार खातो, मैला कुजत नाही, खड्डा लवकर भरतो आणि दोष बांधकामाला दिला जातो. ब्रश, थोडा साबण आणि पाणी यांवर भागवता आले, तर खालचे फुकटचे कामगार आपले काम करत राहतात.

संत्र्याच्या बागेतही पाहा. डिंक्या रोग येऊ नये म्हणून झाडाच्या बुंध्याला बोर्डो मलम लावतात: मोरचूद एक भाग, चुना एक भाग, पाणी दहा भाग. मलम आवश्यक आहे. पण त्यातले तांबे कुजत नाही, विरून जात नाही. उरलेले मलम दरवर्षी बांधावर त्याच जागी ओतले, तर तिथल्या मातीतल्या समूहावर कायमचा ताण राहतो. लागेल तेवढेच कालवावे, ही सूचना विज्ञानाच्या तासाला देता येते.

वर्गात काय करता येईल?

शेवटी एक प्रयोग सुचवतो. प्लास्टिकच्या दोन एक-लिटरी बाटल्या घ्या. दोन्हींत ताजे शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून पाऊणपर्यंत भरा. तोंडाला फुगा बांधून तीन-चार आठवडे उबदार, सावलीच्या जागी ठेवा. फुगा फार ताणला तर बाहेर मोकळ्यावर नेऊन सैल करा. बाटल्यांजवळ ज्योत मुळीच नको, काचेची बाटली नको आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

मग पहिल्या बाटलीत दिवसाआड चमचाभर शेणकाला घाला. दुसरीत एकाच दिवशी सात-आठ चमचे साखर विरघळवून ओता. दोन्हींचा सामू लिटमसने किंवा सामू-कागदाने रोज तपासा आणि फुग्याचा घेर दोऱ्याने मोजून तक्त्यात लिहा.

साखर ओतलेल्या बाटलीचा फुगा सुरुवातीला भराभर फुगण्याची शक्यता आहे. मुले म्हणतील, दुसरी बाटली जिंकली. त्या फुग्यातला वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडा, म्हणजे ती लवकर दुधाळ होईल. निवळी मिथेनने दुधाळ होत नाही, कार्बन डायऑक्साइडने होते. फुग्यात आम्ल करणाऱ्यांचा वायू अधिक आहे, आणि तेव्हाच सामू घसरत चालला असेल. फुगलेला फुगा हे प्रकृतीचे लक्षण नव्हते, हे मुलांना त्यांच्याच तक्त्यावरून समजेल. काही दिवसांनी मुलांनाच विचारावे: टाकी सावरावी म्हणून काय कराल? साखर थांबवाल? थोडी चुन्याची निवळी घालाल? पहिल्या बाटलीतला काला उसना घ्याल? तीन गट करून तिन्ही उपाय करून पाहता येतील.

या प्रयोगात एकाही जिवाणूचे नाव घ्यावे लागत नाही. नावे नंतर येऊ द्यावीत, ती लागतातच. फळ्यावरची उभी रेघ पुसून तिच्या जागी एक आडवी साखळी काढावी आणि प्रत्येक कडीपाशी विचारावे, की ही कडी आज दमली तर पुढे कोणाचे काम अडेल. सांडपाण्याचे केंद्र, लोणार आणि शाळेच्या संडासाचा खड्डा या तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला पुढे हाच प्रश्न विचारावा लागणार आहे.